वीस मायक्रॉनच्या आत

छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्याला लागलं की चिकलठाणा मागे पडतं आणि पुढे शेंद्र्याची एमआयडीसी लागते. शेंद्रा म्हटलं की बहुतेकांना स्कोडाच्या गाड्या आठवतात, अलीकडे ऑरिक ही औद्योगिक नगरी. याच वसाहतीत कॉस्मो फर्स्टचा प्लास्टिक फिल्मचा कारखाना आहे. 2022 पर्यंत ही कंपनी कॉस्मो फिल्म्स म्हणून ओळखली जाई. चिवड्याच्या पाकिटांना, बिस्किटांच्या पुड्यांना, पुस्तकांच्या लॅमिनेशनला लागणारी बीओपीपी फिल्म, म्हणजे उभी-आडवी ताणलेली पॉलिप्रॉपिलीनची फिल्म, हा तिचा मुख्य धंदा.

अशा फिल्मसाठी पॉलिप्रॉपिलीनचे दाणे एक्स्ट्रूडरमध्ये 230 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळवतात. डायमधून जाड पापुद्रा निघतो, चिल रोलवर गार होतो, पुन्हा तापवून लांबीत सुमारे पाचपट आणि रुंदीत आठ-नऊपट ताणला जातो. उरते ती बहुधा 15 ते 40 मायक्रॉन जाडीची फिल्म. तीही एकसंध नसते. मधला थर जाड आणि दोन्ही बाजूंना जेमतेम एक-एक मायक्रॉनचे थर. या बाहेरच्या थरात सिलिकाचे दोन ते चार मायक्रॉनचे कण घालतात. थरापेक्षा कण मोठा, म्हणून त्याचं डोकं वर राहतं. या बारीक उंचवट्यांमुळेच जंबो रोलमधले वेढे एकमेकांना चिकटत नाहीत. कारखान्यात याला अँटीब्लॉक म्हणतात.

कण बसल्या जागी राहतो, पण त्याच फिल्ममध्ये घसरडेपणासाठी घातलेला स्लिपचा रेणू, एरुकामाइड, चालत राहतो. पॉलिप्रॉपिलीनच्या साखळ्या शून्य अंशाच्या आसपास गोठतात. त्यामुळे मराठवाड्याच्या कुठल्याही ऋतूत फिल्मचा स्फटिक न झालेला भाग आतून हलताच असतो. त्या हालचालीतून वाट काढत हा छोटा रेणू काही तासांत, काही दिवसांत पृष्ठभागावर येतो आणि फिल्म गुळगुळीत होते. मे महिन्यातल्या तापलेल्या गोदामात हा प्रवास आणखी वेगाने होतो.

नॅनोकण या दोघांच्या मधला. तो किती चालतो याचा हिशेब 1905 साली आइन्स्टाइन आणि सदरलंड यांनी स्वतंत्रपणे मांडलेल्या सूत्रावरून करता येतो. 100 नॅनोमीटर व्यासाचा कण घ्या. वितळलेल्या पॉलिमरची चिकटाई पाण्याच्या दहा लाख पट धरा. 230 अंशांवर पाच मिनिटांत हा कण एका दिशेत सरासरी सुमारे 65 नॅनोमीटर सरकतो, म्हणजे स्वतःच्या व्यासाइतकाही नाही. वीस मायक्रॉनची फिल्म म्हणजे वीस हजार नॅनोमीटर! कण टाकला की आपोआप पसरेल, ही आशाच चुकीची. त्याला पसरवावं लागतं ते स्क्रूच्या घुसळणीनं, मास्टरबॅच म्हणजे कण दाटीने मिसळलेले दाणे बनवतानाच. शिवाय सिलिकाच्या पृष्ठभागाला पाण्याची ओढ आणि पॉलिप्रॉपिलीन तेलकट स्वभावाचं. कणावर सिलेनसारखा लेप दिला नाही, तर कण पॉलिमरला सोडून एकमेकांनाच धरतात आणि गुठळ्या होतात.

कण अगदी लहान झाला की मात्र नियम बदलतो. पॉलिमरच्या साखळ्या ताटातल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या असतात. त्या गुंत्याच्या फटींहून लहान कणाला सगळी चिकटाई जाणवतच नाही. तो सूत्राच्या अंदाजापेक्षा कितीतरी वेगाने निसटतो. मायकेल मॅके आणि सहकाऱ्यांनी 2006 साली ‘सायन्स’मध्ये दाखवलं, की कणाची त्रिज्या साखळीच्या वेटोळ्याच्या त्रिज्येहून लहान असेल, तर ज्यांचं पटू नये असे कणही पॉलिमरमध्ये नीट विखुरलेले राहू शकतात. शंभर नॅनोमीटरहूनही पातळ फिल्ममध्ये तर असे कण तळाच्या पृष्ठभागाकडे सरकून दाटी करतात. ताठ कणाजवळ साखळीला हवी तशी वळणं घेता येत नाहीत. कण तळाला टेकले की साखळीला मोकळीक मिळते.

नॅनो म्हणून विकल्या जाणाऱ्या मालाबद्दल आपण नेहमी विचारतो, यात काय घातलंय? माझ्या मते पहिला प्रश्न असा हवा, की घातलेलं पसरलंय का? खिडकीच्या काचेवर लावायच्या उष्णतारोधक फिल्ममध्ये धातूंच्या ऑक्साइडचे नॅनोकण इन्फ्रारेड किरण शोषतात आणि प्रकाश जाऊ देतात. कण प्रकाशाच्या तरंगलांबीहून बरेच लहान आहेत, तोवरच हे जमतं. एका कणामुळे होणारं प्रकाशाचं विखुरणं व्यासाच्या सहाव्या घातानं वाढतं. तेवढ्याच वजनाचे कण दहापट व्यासाच्या गुठळ्या करून बसले, तर गुठळ्यांची संख्या कणांच्या हजारांश असूनही धूसरपणा सुमारे हजारपट होतो. अशा फिल्म बहुधा पॉलिएस्टरच्या असतात. पॉलिएस्टर सत्तर अंशांच्या पुढेच मऊ होतं, म्हणून एकदा गोठल्यावर गुठळी असेल तर गुठळी आणि विखुरलेले असतील तर विखुरलेले, कण तसेच राहतात.

ताणण्याच्या वेळी गुठळी आणखी एक उपद्रव करते. पॉलिमर ताणला जातो, गुठळी ताणली जात नाही. तिच्या दोन्ही अंगांना पोकळी पडते आणि फिल्म फाटण्याची जागा तयार होते. गंमत अशी, की मोत्यासारखी पांढरी फिल्म याच पोकळ्यांनी बनते. त्यासाठी मधल्या थरात कॅल्शियम कार्बोनेटचे मायक्रॉनभर कण मुद्दाम घालतात. ताणल्यावर असंख्य पोकळ्या उघडतात, त्यांवर प्रकाश विखुरतो आणि पॉलिप्रॉपिलीनची 0.9 घनता 0.7 च्या आसपास येते. साबणाची आणि आइस्क्रीमची बरीच वेष्टणं याच फिल्मची असतात.