लिअरचा उसना आवाज

सोव्हिएत दिग्दर्शक ग्रिगोरी कोझिन्त्सेव्हचा ‘किंग लिअर’ हा चित्रपट (1971) पाहताना पहिला धक्का राजाच्या प्रवेशालाच बसतो. दरबार ताटकळलेला, चेहरे गंभीर, आणि आतून घुंगरांचा आवाज येतो. विदूषकाबरोबर हसत-खिदळत, तोंडावरचा मुखवटा काढत बाहेर येतो एक किडकिडीत म्हातारा. हाच राजा!

हा यूरी यार्वेत, टॅलिनच्या रंगभूमीवरचा एस्टोनियन नट, वय जेमतेम पन्नास. त्याचा विचार आधी एका किरकोळ भूमिकेसाठी चालला होता. कोझिन्त्सेव्हने त्याचे डोळे पाहिले आणि त्याला लिअर सापडला. (त्याच सुमारास, 1970 मध्ये, आपल्याकडे लिअरच्याच छायेतला ‘नटसम्राट’ रंगमंचावर आला होता.)

खरी गंमत पुढेच आहे. पडद्यावर लिअर गरजतो, विव्हळतो, पण तो आवाज यार्वेतचा नाही! त्याच्या रशियन बोलण्याला एस्टोनियन हेल होता, म्हणून आवाज दिला झिनोव्ही गेर्टने. आणि गेर्ट कोण? मॉस्कोच्या ओब्राझ्त्सोव्ह कठपुतळी थिएटरचा गाजलेला कलाकार. बाहुल्यांना बोलतं करणाऱ्या माणसाने लिअरला बोलतं केलं! तार्कोव्हस्कीच्या ‘सोलारिस’मध्ये (1972) तर कमालच. अंतराळस्थानकावर समोरासमोर बोलणारे दोघे, एस्टोनियाचा यार्वेत आणि लिथुआनियाचा बानिओनिस. आणि दोघांच्याही तोंडी दुसऱ्यांचेच आवाज.

त्यात यार्वेतचं मूळ नावच रशियन होतं: गिओर्गी कुझ्नेत्सोव्ह. स्वतंत्र एस्टोनियात नावं एस्टोनियन करून घेण्याची लाट होती, तेव्हा 1938 मध्ये तो यूरी यार्वेत झाला. दोनच वर्षांत सोव्हिएत फौजा आल्या. त्याच सत्तेने पुढे, 1975 मध्ये, त्याला ‘सोव्हिएत संघाचा लोककलाकार’ हा कलाकारांसाठीचा सर्वोच्च किताब दिला.

मात्र त्याच्या ज्या एस्टोनियन चित्रपटाची धास्ती घेतली गेली, तो वेगळाच. ‘हुल्लुमेल्सुस’ (1968), म्हणजे ‘वेडेपणा’. वेड्यांच्या इस्पितळात लपलेला हेर शोधायला एक गेस्टापो अधिकारी येतो आणि शोधता शोधता स्वतःच भ्रमिष्ट होतो. वर्दी नाझींची, पण संशयाचं हे वेड कुणाचं, हे प्रेक्षकाला सांगावं लागत नव्हतं. एस्टोनियाबाहेर चित्रपट वर्षानुवर्षं दाखवू दिला नाही. माझ्या मते यार्वेतचं सर्वांत धारदार काम हेच.

‘लिअर’ मिळाला तर एखादा प्रसंग आवाज पूर्ण बंद करून पाहा. शोस्ताकोविचचं संगीत बुडेल, ते नंतर ऐका. आधी फक्त यार्वेत पाहा.