कुंभारीण अळीला मारत नाही आणि बदलतही नाही

पाऊस ओसरला की ठाकुर्लीत, चोळेगावापासून खंबाळपाड्यापर्यंत, खिडकीच्या चौकटीवर नाहीतर मीटरबॉक्सच्या कोपऱ्यात मातीची इवलीशी मडकी दिसू लागतात. ही कुंभारीण माशीची घरटी. तिच्याबद्दलचे आणि तिच्या विषाबद्दलचे समज जुने आहेत.

कुंभारीण अळी आणून कोंडते, भोवती गुणगुणते आणि त्या ध्यासाने अळीचीच कुंभारीण होते, हा भ्रमरकीटन्याय आपण कीर्तनात ऐकत आलो. ध्यासाची महती सांगायला दाखला सुंदर आहे, पण घरट्यात तसे घडत नाही. मादी आधी मडक्यात बारीक धाग्याने एक अंडे टांगते, मग अळ्या भरून तोंड लिंपते. अंड्यातून निघालेले पिल्लू त्या अळ्या खाऊन वाढते आणि माती पोखरून बाहेर येते. (लांबट नळ्या बांधणारी दुसरी जात अळ्यांऐवजी कोळी भरते.)

मग कोंडलेली अळी मेलेली असते? तसे असते तर आपल्या दमट हवेत ती लगेच कुजली असती. असे भक्ष्य ताजे कसे राहते, हा प्रश्न युरोपातल्या अभ्यासकांनाही पडला होता. लेऑन द्युफूर यांना वाटले, विषात मेलेले शरीर टिकवणारे द्रव्य असावे. झाँ-आन्री फाब्र यांनी 1855 मध्ये दाखवून दिले की भक्ष्य जिवंतच असते, फक्त डंखाने लुळे पडलेले.

हे लुळेपण येते कसे? कीटकांत मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत नेण्याचे काम मुख्यतः ग्लुटामेट करते. आपल्या हातापायांच्या स्नायूंत तेच काम ॲसिटिलकोलीनकडे असते. कुंभारणीच्या नात्यातल्या काही माश्या नेमका ग्लुटामेटचा दुवा तोडतात. पतंगांच्या अळ्यांना डसणाऱ्या चिमुकल्या ब्रॅकॉनचे विष मज्जातंतूच्या टोकातून ग्लुटामेट सुटूच देत नाही. अळी हलत नाही, तिचे हृदय मात्र चालू राहते. मधमाश्यांची शिकार करणाऱ्या फिलँथसच्या विषातले फिलँथोटॉक्सिन स्नायूवर ग्लुटामेटचा निरोप घेणारी जागाच अडवते.

मधमाशीचे विषही असेच असेल, हा समज मला सर्वांत जास्त खटकतो. तिची पिल्ले पराग आणि मधावर वाढतात, तिला अळ्या साठवायच्याच नसतात. तिचे विष पोळे राखण्यासाठी असते. त्याच्या कोरड्या वजनाचा जवळपास निम्मा भाग मेलिटिन असतो. ही 26 अमिनो आम्लांची साखळी पेशींची आवरणे भेदते, तर फॉस्फोलायपेज ए2 त्या आवरणातला मेद तोडते. त्यातूनच आग आणि सूज. वरून लावलेला चुना आत गेलेल्या विषापर्यंत पोहोचत नाही. काटा ताबडतोब काढणेच महत्त्वाचे. अंगभर गांधी उठल्या किंवा श्वास लागला तर थेट रुग्णालय गाठावे.

कुंभारीण एकटी राहते, राखायला तिच्याकडे वसाहत नसते. त्यामुळे हातात धरल्याशिवाय ती सहसा डसत नाही. मडक्याला गोल भोक पडलेले दिसले तर पिल्लू उडून गेलेले असते. भिंत साफ करायची असेल तर तोवर थांबावे.