लोण्याला चव, मिठाला रजा

रक्तदाबाचे रुग्ण दवाखान्यात हमखास विचारतात, "डॉक्टर, भाकरीवरचं लोणीही बंद?" बंद नाही, पण बाजारच्या खारट बटरपेक्षा घरचे बिनमिठाचे लोणी बरे. चवीची उणीव मसाल्याने भरून काढता येते.

ताकावरचे लोणी थंड पाण्यात दोन-तीनदा धुवावे. ताक राहिले की रत्नागिरीच्या दमट हवेत ते लवकर आंबते. मग त्यात भरड मिरे, बारीक कोथिंबीर किंवा पुदिना कालवावा. पाने धुऊन अगदी कोरडी केलेली हवीत. तांदळाच्या गरम भाकरीवर मिठाची आठवण होत नाही (निदान आमच्या घरी तरी!).

लसणाबाबत मात्र सावध राहा. कच्ची लसूण लोण्यात बुडाली की तिला हवा मिळत नाही, आणि बोट्युलिझमचे जंतू अशाच जागी विष तयार करतात. वासावरून ते कळतेच असे नाही. म्हणून लसणीचे लोणी थोडेच करावे, फ्रिजमध्येच ठेवावे आणि तीन-चार दिवसांत संपवावे. झाकून फडताळात ठेवणे नको.

आणि मिठाशिवायचे म्हणून मनसोक्तही नको. मोठा चमचाभर लोण्यात सुमारे 100 कॅलरी असतात. हृदयविकार असलेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून, चहाच्या चमच्याने मोजूनच घ्यावे.