लांब शेपटीच्या उपमा

‘इलियड’च्या बाराव्या सर्गात ग्रीक आणि ट्रोजन तटबंदीपाशी भिडले आहेत, कुणीच मागे हटत नाही. हे सांगता सांगता होमर एका कष्टकरी बाईकडे वळतो. तिच्या हातात तराजू आहे. एका पारड्यात वजन, दुसऱ्यात लोकर. दोन्ही समान होईपर्यंत ती तो उचलून धरते, कारण त्या तुटपुंज्या मजुरीवर पोरांचं पोट भरायचं आहे. लढाई तुल्यबळ आहे एवढंच म्हणायचं, तर पारडी पुरेशी होती. उपमेय आणि उपमान यांतला साधारण धर्म तिथंच संपतो. मग पोरं कशाला? सतराव्या शतकात फ्रान्समध्ये शार्ल पेरोनं अशा उपमांना ‘लांब शेपटीच्या’ म्हणून हिणवलं होतं. मला वाटतं, होमरचा अर्थ त्या शेपटीतच असतो. युद्ध ज्याच्या मुळावर उठतं ते घरदार, शेतमळा, पोटापाण्याची धडपड तिथूनच रणांगणावर येते. आठव्या सर्गात बाण लागलेल्या कोवळ्या गॉर्गिथिऑनची मान कलते, ती बियांनी आणि वसंतातल्या पावसानं जड झालेल्या खसखशीच्या बोंडासारखी. मरणाच्या क्षणी आपल्याला बाग दिसते, आणि म्हणूनच ते मरण सोसवत नाही.

यावर आक्षेप आहे, आणि तो वजनदार आहे. होमरची भाषा परंपरेतल्या ठरीव शब्दबंधांची आहे, हे अभ्यासक मिल्मन पॅरीनं १९२८च्या प्रबंधांत दाखवलं; ती परंपरा मौखिक आहे, हे त्यानं पुढे मांडलं. गायक तयार साचे वापरत असेल, तर इतका अर्थ काढावा का? दावं तोडून उधळलेल्या घोड्याची उपमा तर शब्दशः दोनदा येते. सहाव्या सर्गात पॅरिससाठी, पंधराव्यात हेक्टरसाठी. पण पॅरिस आपल्या महालातून झळकत निघालेला असतो, आणि हेक्टर थोड्याच वेळापूर्वी रक्त ओकत पडलेला. घोडा तोच, एकदा त्यात मिजास दिसते, एकदा अपोलोनं घडीभर दिलेलं उसनं बळ. साचा तयार मिळतो, तो कुठे बसवायचा हे कवीलाच ठरवावं लागतं.

‘ओडिसी’च्या आठव्या सर्गात ट्रॉयच्या पाडावाचं गाणं ऐकून ओडिसियस रडतो. कसा? शहरासाठी लढताना पडलेल्या नवऱ्याला मिठी मारून आक्रोश करणाऱ्या बाईसारखा. शत्रू मागून तिच्या पाठीवर, खांद्यांवर भाले मारत तिला गुलामीत नेत आहेत. गाण्यातलं ते शहर ओडिसियसनंच लुटलं होतं.