जुन्या खेळाची नवी हौस

गेल्या मे महिन्याच्या सुटीत माझ्या भाच्याने आमच्या माळ्यावरून व्हिडिओ गेमचा जुना डबा खाली काढला. नव्या सपाट टीव्हीला जोडताच खेळ दिसू लागला. पण बदकांवर कितीही नेम धरला तरी एकही पडेना. "मामा, बंदूक बिघडली," असे त्याने जाहीर केले. खरे तर बंदूक ठणठणीत होती.

नव्वदीच्या दशकात आपल्याकडे आलेले असे डबे बहुधा जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली काढलेल्या 'फॅमिली कॉम्प्युटर'च्या स्वस्त नकला असत. ते खेळ आज खेळायचे, तर दोन मार्ग आहेत.

पहिला अनुकरणाचा. संगणकावरील एक आज्ञावली जुन्या यंत्राचे हुबेहूब सोंग घेते; तिला 'एम्युलेटर' म्हणतात. मूळ यंत्राची कामाची स्मृती अवघी दोन किलोबाइट होती आणि १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ चाळीस किलोबाइटांत मावला होता. त्यामुळे साध्या संगणकालाही हे सोंग जड जात नाही. 'मेसेन'सारखी आज्ञावली विनामूल्य मिळते. नवख्याने आरंभ येथूनच करावा. मात्र आज्ञावली फुकट म्हणून खेळही फुकट, असे समजू नये. खेळांवर स्वामित्वहक्क असतो. कंपनीने पुन्हा विक्रीस आणलेले, किंवा हौशी रचनाकारांनी स्वखुशीने खुले केलेले खेळच घ्यावेत.

दुसरा मार्ग मूळ यंत्राचा. हा खर्चाचा आणि जपणुकीचा आहे. जपानहून मागवलेल्या यंत्राचा अडॅप्टर शंभर व्होल्टचा असतो. तो आपल्या विजेला थेट लावल्यास जळेल. कॅसेट चालली नाही की आपण तिच्यात फुंकर मारीत असू, ती सवय सोडावी. तोंडातील ओलाव्याने धातूचे पट्टे गंजतात. कापसाचा बोळा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ते हलकेच पुसावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत. काही कॅसेटींत खेळाची प्रगती राखणारी लहान बॅटरी असते. ती संपली, की वर्षानुवर्षे जपलेली नोंदही पुसली जाते.

आता बंदुकीचे कोडे. ती काही सोडीत नाही, ती फक्त पाहते. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो आणि पाठोपाठ बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतील प्रकाशग्राहीला त्याच क्षणी तो उजेड दिसला, तर नेम लागला. पिक्चर ट्यूबवर चित्र विनाविलंब उमटते. सपाट टीव्ही ते आधी स्वतःच्या पद्धतीने जुळवून घेतो आणि मगच दाखवतो. तेवढ्या निमिषार्धात यंत्राने नेम चुकल्याचा निकाल दिलेला असतो.

आम्ही आईच्या खोलीतला जुना टीव्ही पुढे ओढला, आणि पहिल्याच नेमात बदक पडले. भंगारवाल्याला तो द्यायचे आमचे जवळजवळ ठरले होते. आपल्याही घरी तसा संच असेल, तर देण्यापूर्वी माळ्यावर एकदा नजर टाकावी.