चार सेंटिमीटरांची उपेक्षा

व्रणऊती साचून लघवीची वाट अरुंद होणे, म्हणजेच मूत्रमार्गसंकोच, हा पुरुषांचाच आजार मानण्याची सवय मूत्रविज्ञानाला दीर्घकाळ होती. स्त्रीचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटरांचा, तेव्हा त्याच्या शस्त्रक्रियेचा स्वतंत्र विचार कशाला, अशी त्यामागची धारणा होती. धातूच्या सळया आणि मार्ग आतून चिरणारे ओटिस यांचे उपकरण यांवरच बहुधा काम भागवले गेले. १९६० च्या दशकात तर वारंवार जंतुसंसर्ग होणाऱ्या लहान मुलींचे मूत्रमार्गही पुरेशा पुराव्याविना रुंदावले गेले, आणि त्या पर्वाविषयी याहून अधिक लिहावे असे काही नाही.

२००६ पासूनचे दशक मात्र वेगळे ठरले. त्या वर्षी इटलीतील मिल्यारी व त्यांच्या सहकाऱ्यांनी गालाच्या आतील श्लेष्मल त्वचेचे कलम, आणि त्याच सुमारास इस्रायलमधील त्सिव्हियान व सिदी यांनीही कलमच, मूत्रमार्गाच्या वरच्या बाजूने बसवण्याचे तंत्र प्रसिद्ध केले. गालाची त्वचा ओलाव्याला सरावलेली, केसविरहित आणि सहज मिळणारी असल्याने ती या कामी सोयीची ठरते. वरून शिरल्यास लघवी रोखणारा स्नायू आणि शिश्निकेच्या नसा दुखावतील, अशी भीती घालून अनेकांनी या तंत्राकडे पाठ फिरवली; समर्थकांचे म्हणणे असे की, तेथे कलमाला भक्कम आधार मिळतो आणि पुढे लघवी गळू लागलीच, तर योनीकडील बाजू दुसऱ्या शस्त्रक्रियेसाठी मोकळी राहते. योनीच्या त्वचेचा रक्तपुरवठा शाबूत ठेवून वळवलेला पट्टा, म्हणजे फ्लॅप, वापरणाऱ्यांचे निष्कर्षही त्याच वर्षी आले. २०१३ च्या एका पद्धतशीर आढाव्यात रुंदावण्याचे यश सरासरी ४७ टक्के, तर तोंडातील त्वचेच्या कलमाचे ९४ टक्के आढळले. रुग्णसंख्या तुटपुंजी आणि कलमांचा पाठपुरावा अल्पकाळाचा होता हे खरे. पण तो आक्षेप घेणाऱ्यांनी सळईकडे कधी इतका कठोर पुरावा मागितला नव्हता.

मोठ्या तुलनात्मक अभ्यासांची गरज अजून आहेच. पुण्याच्या संजय कुलकर्णी यांनी पुरुषांच्या मूत्रमार्गासाठी एका बाजूनेच विच्छेदन करण्याचे तंत्र २००९ मध्ये जगापुढे मांडले. पुनर्रचनेचे असे कौशल्य हाताशी असलेल्या महाराष्ट्रातही स्त्रियांना ठरावीक महिन्यांनी रुंदावण्यासाठीच बोलावले जावे, ही शोचनीय बाब आहे. प्रत्येक रुंदावण्यात ऊती फाटू शकते आणि नवा व्रण संकोच वाढवू शकतो. एकदा रुंदावूनही धार पुन्हा बारीक झाली, तर पुढच्या सळईला होकार देण्यापूर्वी रुग्णाने पुनर्रचनेत मुरलेल्या शल्यविशारदाचे मत अवश्य घ्यावे.