आंबो खंयचो?

हापूसची पेटी समोर आली की सिंधुदुर्गातला माणूस आधी भाव विचारत नाही. तो विचारतो, ‘आंबो खंयचो?’ ‘देवगडचो’ असं उत्तर आलं की मग वास, मग साल आणि शेवटी भाव.

ब्रँड कंपनी घडवते, असं आपण धरून चालतो. कोकणात मात्र माणसाचीच ओळख गावावरून पटते: गाव कुठलं, वाडी कुठली, ग्रामदैवत कोणतं. मालालाही तीच कसोटी लागते. म्हणून ओळखीच्या घरातून जुन्या बाटलीत भरून आलेलं कोकमाचं आगळ इथे छापील लेबलाहून खात्रीचं वाटतं. अनेक घरांत मोसमातला पहिला आंबा देवापुढे ठेवल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. अशा फळाच्या नावाला अब्रू असते.

या अब्रूवरच घाला पडतो. दिसायला सारखा असलेला परराज्यातला आंबा ‘देवगड’ छापलेल्या पेटीत भरून विकला जातो. गिऱ्हाईक एकदा फसलं की पुढच्या वर्षी ते खऱ्या देवगडवरही संशय घेतं. कातळावर खड्डे खणून, बाहेरून माती आणून कलमं जगवणाऱ्या बागायतदाराला त्या फसवणुकीची किंमत मोजावी लागते.

कायद्याने गावाच्या नावाचं हे मोल मान्य केलं आहे. 1999 च्या भौगोलिक मानांकन कायद्याखाली ऑक्टोबर 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या हापूसला मानांकन मिळालं. 2025 च्या हंगामात देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने एक पाऊल पुढे टाकलं आणि प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाचं स्टिकर आणलं. या क्रमांकाचा काही भाग वर दिसतो, काही मागे असतो. स्टिकरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि मागचा क्रमांक जुळवला की खरेखोटेपणा पडताळता येतो.

पूर्वी ही खात्री गावाहून आलेला पाहुणा द्यायचा. बाजार लांब गेला, पाहुण्याची जागा स्टिकरने घेतली. विश्वास मात्र आजही गावावरच आहे. तो टिकवण्याची जबाबदारी दोघांची आहे. बागायतदारांनी परक्या आंब्याला आपली पेटी देऊ नये. आणि यंदा आंबा घेताना तुम्ही ‘खंयचो?’ एवढंच विचारून थांबू नका, पुरावाही मागा.